गुहागरहून इमॅजिका एका दिवसात, गाईड घेऊन, जमेल का? (४१ माणसं, त्यात ९ साठीच्या पुढची)

सड्यावरची
नमस्कार मंडळी. आमच्या वाडीतून भाताची झोडणी आटपली की एक दिवसाची सहल काढायचं चाललंय, खोपोलीजवळच्या इमॅजिका पार्कला. बचत गटातल्या बायका, त्यांचे नवरे, पोरंटोरं मिळून ४१ डोकी, त्यात ९ जण साठीच्या पुढचे आणि सगळ्यात लहान पोर साडेतीन वर्षांचं. एक टूरवाला माणशी २६०० सांगतोय, त्यात गाडी, तिकीट, सकाळचा चहानाश्ता, रात्रीचं जेवण आणि दिवसभर बरोबर एक गाईड. पहाटे ३ ला शृंगारतळीहून निघायचं आणि रात्री दीडला परत. माझे दीर म्हणतात गाईडचे पैसे कशाला घालवायचे, पार्कात काय वाट चुकणार आहे का कोण. मला मात्र गाईड हवाय असं वाटतंय आणि त्याला कारण आहे.

दोन वर्षांपूर्वी आम्ही अशाच एका वॉटर पार्कला गेलो होतो, बरोबर टूरचा माणूस होता पण तो गेटवर तिकिटं देऊन जो गेला तो संध्याकाळी गाडीपाशीच दिसला. आमच्या आई (सासूबाई) सकाळी ११ पासून ५ पर्यंत एका शेडखाली बाकावर बसून होत्या, मांडीवर पंधरा-सोळा जणांचे मोबाईल, चष्मे, पायाशी चपलांचा ढीग, बाजूला ओले कपडे. कोणी मुद्दाम बसवलं नव्हतं हो, ज्याने त्याने येऊन "आई जरा ठेवा हं" म्हटलं आणि गेला, मी पण त्यातलीच. रात्री घरी पाय धुताना म्हणाल्या, छान झालं, पोरं खेळली. त्यांनी पार्क म्हणून काय पाहिलं तर ते बाक. ते मला अजून टोचतंय. म्हणून विचारते, नीट गाईड असला तर हे बदलतं का? आणि एका दिवसात झेपतं का?

लालडबा
ताई मी आठ वर्षं सहली नेतोय (शाळांच्या, मंडळांच्या), म्हणून जरा लांबण लावतो, सांभाळून घ्या. गाईड मागाहून. टूरवाल्याला पहिला प्रश्न हा विचारा की ड्रायव्हर किती आहेत. पहाटे ३ ते रात्री दीड म्हणजे साडेबावीस तास झाले, त्यात जाऊन येऊन १२ तास तरी स्टिअरिंगवर. १९६१ च्या मोटार ट्रान्सपोर्ट वर्कर्स कायद्यातही दिवसाला ८ तासच काम सांगितलं होतं. एकच ड्रायव्हर असेल तर तो दिवसा पार्किंगमध्ये उन्हात तापलेल्या गाडीत कितीसा झोपणार, आणि मग रात्री ११-१२ ला तोच माणूस तुम्हाला परशुराम घाट उतरवणार. सहल पार्कात सहसा बिघडत नाही, ती परतीच्या गाडीत बिघडते. दोन ड्रायव्हर मागा, पैसे जास्त लागले तर माणशी शे-दीडशे वाढतील पण यात काटकसर करू नका, हात जोडून सांगतो.

दुसरं रस्त्याचं. तुम्हाला पनवेलला जायची गरज नाही हे टूरवाल्याला माहीत आहे ना बघा, मी एका गाडीला पनवेलवरून वळसा घालताना पाहिलंय. चिपळूण, लोटे, भोस्ते घाट, भरणे नाका, मग कशेडीला आता बोगदा झालाय त्यामुळे तो जुना नागमोडी घाट वाचतो आणि उलट्या करणारी पोरंही वाचतात, पोलादपूर, महाड, माणगाव, कोलाड, आणि वाकणला उजवीकडे पालीचा रस्ता पकडायचा. पाली-खोपोली रस्त्यावरच पार्क आहे. माणगाव आणि इंदापूरला सुट्टीच्या दिवशी जे ट्रॅफिक लागतं ते धरूनच वेळ काढा, विशेषतः परतीला.

गाईडबद्दल रात्री लिहितो, आता गाडीवर आहे (चालवत नाहीये, बाजूला बसलोय).

कुडाळकार
आमका सिंधुदुर्गातसून ह्या एका दिवसात जमाचाच नाय. आमी रातच्या गाडयेन पनवेलाक गेलंव, पहाटे उतरलंव आणि थयसून गाडी केली. झोप गाडयेत झाली. तुमका गुहागरसून रेल्वेचो उपयोग नाय, चिपळूणाक येवचाच लागतला, पण म्हाताऱ्या माणसांका बसपेक्षा ट्रेन बरी, इचार करा.

खाडीपलीकडे
माझी पहिली अशी सहल म्हणजे एस्सेलवर्ल्ड, शाळेतून, मी सातवीत होते. दापोलीहून रात्रभर एसटीने बोरिवली आणि मग गोराईची खाडी लाँचमधून. आम्ही खाडीकाठची पोरं, लाँच आम्हाला रोजचीच, तरी त्या लाँचमध्ये आम्ही असे ओरडत होतो की जसं काय समुद्र पहिल्यांदा बघतोय. १९८९ ला सुरू झालेलं ते पार्क, २०२२ ला बंद झालं तेव्हा मला खरंच घरातलं कोणी गेल्यासारखं वाटलं.

सांगायचं ते वेगळंच. तिथे मी हरवले होते, पाऊण तास. सर मोजत होते पण ते डोकी मोजत होते, ४८ असायला हवीत तर ४८ भरली कारण दुसऱ्या शाळेचा एक मुलगा आमच्या रांगेत उभा होता. तेव्हापासून कुठेही घोळक्याने गेले की मी जोड्या लावते. प्रत्येकाचा एक जोडीदार ठरवायचा, मोजताना आकडा विचारायचाच नाही, "तुझा जोडीदार दिसतोय का" एवढंच विचारायचं. ४१ म्हणजे एक तिघांची जोडी करा. आणि लहान पोरांच्या मनगटावर आतल्या बाजूला पेनने आईचा नंबर लिहा, चिठ्ठी खिशात ठेवू नका, ती भिजते.

बोरघाट
मी खोपोलीचाच. थोडी माहिती देतो. थीम पार्क सुरू झालं २०१३ ला, सांगडेवाडीत, वॉटर पार्क २०१४ ला आणि स्नो पार्क २०१६ ला. २०२२ पासून संगमनेरच्या मालपाणी ग्रुपकडे आहे. ही तिन्ही वेगवेगळी आहेत आणि तिकिटंही वेगळी, त्यामुळे तुमच्या २६०० मध्ये नक्की कुठलं तिकीट आहे ते लिहून घ्या. एका दिवसात गुहागरहून येणाऱ्यांनी एकच पार्क करावं. थीम पार्क घ्या, कारण म्हाताऱ्या माणसांना वॉटर पार्कमध्ये ओलं होऊन कुडकुडत बसण्यापलीकडे फार काही नसतं, आणि तिथे नायलॉनच्या कपड्यांचा नियम, त्या कपड्यांचं भाडं वगैरे आणखी निराळं.

आत गेल्यावर सगळे जण गेटजवळ जे पहिलं दिसतं त्याच्या रांगेत उभे राहतात. तसं करू नका. ज्यांना मोठ्या राईड करायच्यात त्यांनी गेट उघडल्या उघडल्या थेट नायट्रो ही रोलर कोस्टर गाठायची. १३२ फूट उंच आणि १०५ किमीचा स्पीड आहे, पायाखाली फळी नाही, पाय लोंबकळत असतात आणि पाच वेळा उलटं व्हायला होतं. दुपारी तिची रांग बघूनच लोक परत फिरतात. दुपारी जेवून गरगर फिरणाऱ्या कशातही बसायचं नाही, तेव्हा आतल्या थंडगार हॉलमधल्या राईड करायच्या, खोपोलीचं दुपारचं ऊन दिवाळीतही चांगलं लागतं, डोंगर तिन्ही बाजूंनी, वारा नाही. ऊन उतरलं की परत बाहेर.

आणि ड्रायव्हरला सांगा बाबा रे, महड वेगळं आणि महाड वेगळं. वरदविनायकाचं महड आमच्या खालापूर तालुक्यात. मॅपवर एका अक्षराने गाडी भलतीकडे गेलेली मी बघितलीय.

सड्यावरची
किती नीट सांगताय सगळे, मनापासून आभार. टूरवाल्याला फोन केला, एकच ड्रायव्हर होता!! दुसरा देतो म्हणाला, माणशी १५० वाढवून. दीर आधी कुरकुरले पण लालडबा यांचं वाचून दाखवल्यावर गप्प झाले. आता नवीनच सुरू झालंय, म्हातारी मंडळी म्हणतायत वाटेत पाली आहेच तर बल्लाळेश्वराचं दर्शन करूया आणि परत येताना महड पण करूया, म्हणजे अष्टविनायकातले दोन होतील. काय करू?

लालडबा
ताई दोन्ही नको. ४१ माणसं देवळात नेली की चपला काढण्यापासून चपला सापडेपर्यंत दीड तास जातो आणि तुम्ही पार्कात साडेअकराला पोचता, म्हणजे नायट्रो गेली. असं करा. नाश्ता पालीलाच ठेवा, आठच्या सुमाराला. पोरं आणि त्यांचे आईबाप नाश्ता करतील तेवढ्यात नऊ म्हाताऱ्यांना दोन धडधाकट माणसांबरोबर दर्शनाला पाठवा, त्यांचा नाश्ता बांधून घ्या. पाऊण तासात होतं. महड पुढच्या वेळी. बाहेरचं खाणं पार्कात नेऊ देत नाहीत, त्यामुळे घावन-चटणी, चपात्या जे काय असेल ते पालीला संपवा नाहीतर परतीसाठी गाडीत ठेवा.

आता गाईड. तुमचे दीर म्हणतात ते एका अर्थी बरोबर आहे, वाट दाखवायला गाईड लागत नाही, पाट्या आहेत, नकाशा आहे. पण ४१ माणसांचा घोळका पार्कात शिरला की अर्ध्या तासात त्याचे तीन भाग होतात, एक जोरात पळणारा, एक पोरांमागे धावणारा आणि तिसरा बाकावर बसणारा. पळणाऱ्यांना कोणी नको असतं. गाईड हवा असतो तो बाकावरच्यांसाठी. मी स्वतः सुरुवातीची दोन वर्षं पोरांबरोबर रोलर कोस्टरवर बसत होतो, मजा यायची, आणि लोकही म्हणायचे वा काय उत्साही गाईड आहे. मग एकदा एका आजोबांनी परतताना मला विचारलं की बाळा आत काय काय होतं रे. त्या दिवसापासून मी कोस्टरवर बसायचं सोडलं. तुम्ही टूरवाल्याला एकच सांगा, गाईड आमच्या नऊ जणांबरोबर राहील, पोरांचं आम्ही बघतो. आणि सामानासाठी लॉकर घ्या. लॉकर नाही मिळाला तर सामानाची पाळी लावा, घड्याळ लावून अर्धा अर्धा तास, पुरुषांनीसुद्धा.

फणसगरा
लालडबा, +१००. मी खेडजवळच्या शाळेत विज्ञान शिकवतो, दोन गोष्टी पोरांच्या बाजूने. प्रत्येक मोठ्या राईडला उंचीची अट असते आणि ती काटेकोर पाळतात, पाळायलाच हवी, कारण ते खांद्यावरचं आणि मांडीवरचं कुलूप ठरावीक मापाच्या शरीराला धरतं. माझ्या शाळेतला एक पोरगा तासभर रांगेत उभा राहून पट्टीपाशी दोन बोटं कमी भरला, जो रडायला लागला तो दिवसभर. घरीच दाराच्या चौकटीला उभं करून मापा आणि आदल्या दिवशीच सांगा की तुला हे मिळेल, हे नाही मिळणार. पोरं खरं सांगितलं की ऐकतात.

दुसरं, नायट्रोसारख्या कोस्टरला इंजिन नसतं हे पोरांना जाताना गाडीत सांगा, बघायला जास्त मजा येते. साखळीने एकदा वर ओढतात आणि सोडतात, पुढचं सगळं गुरुत्वाकर्षणाचं काम. म्हणून पहिला चढ सगळ्यात उंच, पुढचे त्यापेक्षा बुटके. पुढे बसलं की समोर मोकळं दिसतं, मागे बसलं की पहिल्या उतारावर पुढचे डबे आपल्याला खेचून नेतात म्हणून जोरात फेकल्यासारखं होतं. भित्र्यांनी मधे बसा. आणि ज्याला बस लागते त्याला पडद्यासमोर खुर्ची हलवणाऱ्या राईडही लागू शकतात, डोळे सांगतात आपण पळतोय आणि कानातला तोल सांगतो बसलोय, त्या भांडणात पोट ढवळतं. मळमळलं की डोळे मिटून घ्यायचे. बीपी, हृदय, कंबर, मान, गरोदरपण, यांनी पाटी वाचूनच पुढे जा, तिथे धीट होऊ नका.

अहो तिथे राजासॉरस नावाची पाण्यातल्या बोटीची राईड आहे, तिच्यात पोरांना नेलंत तर हेही सांगा की राजासॉरस हा खरा आपल्या देशातला डायनासोर आहे, गुजरातेत नर्मदेच्या खोऱ्यात हाडं सापडली आणि २००३ मध्ये त्याचं बारसं झालं, राजासॉरस नर्मदेन्सिस. डोक्यावर शिंगासारखा उंचवटा होता. माझी पोरं त्यानंतर घरी जाऊन कातळ उकरत होती.

खाडीपलीकडे
@फणसगरा हे भारी आहे, माहीत नव्हतं. ताई, जाऊन आलात की नक्की लिहा.

सड्यावरची
जाऊन आलो!! मंगळवारी गेलो, गर्दी बेताची होती. झोप पुरी झाली आता लिहिते, लांबणार आहे.

तीनला म्हणता म्हणता साडेतीनला निघालो, एक बिऱ्हाड टॉर्च शोधत होतं. गाईड चिपळूणला चढला, पंचवीस-सव्वीसचा पोरगा असेल, सगळे त्याला दादाच म्हणत होते, म्हातारी माणसंसुद्धा. त्याने भरणे नाका येईपर्यंत माईक हातात घेतलाच नाही, म्हणाला झोपा. महाडला चहाला उतरलो तेव्हा एक वही घेऊन एकेका सीटपाशी आला, बीपी कोणाला, कमरेचा त्रास कोणाला, पोराची उंची किती (आम्ही सगळ्यांची मापून नेली होती), आणि प्रत्येक म्हाताऱ्या माणसाला वेगळं विचारलं की तुम्हाला काय बघायचंय. आमच्या आई म्हणाल्या मला काही नको, मी सामान बघते. तो म्हणाला, आजी सामान आज मी बघणारे, तुम्ही दुसरं काहीतरी सांगा. त्या बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिल्या आणि म्हणाल्या, विमानात बसले नाही कधी.

पालीला लालडबांनी सांगितलं तसंच केलं, पाऊण तासात दर्शन, नऊच्या नऊ खूष. दहाच्या सुमाराला पार्कात. दीर आणि कॉलेजची पोरं नायट्रोकडे पळाली, दादा नऊ जणांना घेऊन आय फॉर इंडिया नावाच्या राईडला गेला, मी आईंबरोबर. एक मोठ्ठा गोलसर पडदा आणि त्यासमोर खुर्च्यांच्या रांगा, पट्टा लावला की त्या खुर्च्या पुढे वर उचलल्या जातात आणि पाय अधांतरी, खाली काही नाही, आणि पडद्यावर आपला देश वरून दिसत जातो, आपण उडतोय असंच वाटतं. दादाने आधीच सगळ्यांना चपला काढून खुर्चीखाली ठेवायला लावल्या होत्या, म्हणाला आजी लोंबकळताना सुटली तर खालच्याच्या डोक्यात. आईंनी पदर खोचून घेतला, डाव्या हाताने दांडी धरली आणि उजव्याने माझं मनगट. बांगड्यांसकट इतकं घट्ट धरलं की घरी येईपर्यंत माझ्या मनगटावर त्यांच्या दोन बांगड्यांचे वळ होते. खुर्ची वर गेली तेव्हा त्या "अगो बाई" म्हणाल्या आणि मग एक शब्द नाही. मला वाटलं घाबरल्या, मान वळवून बघितलं तर पाय हलवत होत्या, हळूहळू पुढे मागे, झोपाळ्यावर बसल्यावर हलवतात तसे. ६८ वर्षांच्या आहेत त्या.

उतरल्यावर पहिलं वाक्य, परत आहे का. दादा परत घेऊन गेला. दुपारी तिसऱ्यांदा गेल्या तेव्हा मी नव्हतेच, शेजारच्या काकूंना त्या स्वतः घेऊन गेल्या, पट्टा कसा लावायचा ते शिकवत.

सामानाचं म्हणाल तर दोन लॉकर घेतले आणि उरलेल्या पिशव्यांना पाळी. साडेबाराला दिरांची पाळी होती, ते बाकावर अर्धा तास बसले सगळ्यांच्या टोप्या घेऊन. रात्री गाडीत म्हणाले, वहिनी तो अर्धा तास संपता संपत नव्हता. यापुढे ते गाईडचा विषय काढतील असं वाटत नाही.

राजासॉरसच्या बोटीत पोरं चिंब भिजली. फणसगरा, नर्मदेचं सांगितलं त्यांना, माझ्या पुतणीने तर बोटीतून उतरल्यावर ती हाडं आता कुठे ठेवलीत म्हणून दादाला भंडावलं. ती नायट्रोला कमी भरली, पण आम्ही आदल्या दिवशीच सांगितलं होतं त्यामुळे रडली नाही, दुसऱ्या छोट्या कोस्टरला दोनदा बसली.

चुकलं ते पण सांगते. साडेसहाला गाडीपाशी जमायचं ठरलं होतं तर आमच्या दोघी जणी नाहीत, फोन लागेना. जोड्या लावल्या होत्या पण त्या दोघी एकमेकींच्याच जोडीदार, त्यामुळे दोघी हरवल्या तर विचारणार कोण! (खाडीपलीकडे, जिवलग मैत्रिणींना एका जोडीत ठेवू नये एवढं तुमच्या नियमात वाढवा.) पंचवीस मिनिटांनी सापडल्या, दुकानात मुलांसाठी टोप्या घेत होत्या. मग माणगावला सव्वा तास ट्रॅफिकमध्ये, घरी पोचलो पावणेतीनला. पण सकाळी ज्याने गाडी आणली तो ड्रायव्हर परतीला मागच्या सीटवर गाढ झोपला होता आणि जो चालवत होता तो दिवसभर झोपून आलेला. परशुराम घाटात रात्री दीडला मी जागी होते, मुद्दाम त्याच्याकडे बघत होते. चांगला ताजा होता.

लालडबा
ताई हे वाचून फार बरं वाटलं. त्या पोराला माझा नमस्कार सांगा. सहलीला माणसं लागली तर मला तसाच पोरगा हवाय, नंबर व्यनि (खाजगी निरोप) कराल का, त्याला विचारून.

सड्यावरची
विचारते आणि कळवते.

फणसगरा
पुतणी किती कमी भरली?

सड्यावरची
तीन सेंटिमीटर. आमच्या माजघराच्या चौकटीवर रेघ मारून ठेवलीय, रोज सकाळी शाळेत जायच्या आधी उभी राहते. आई मापतात, डोक्यावर फूटपट्टी आडवी धरून, आणि काल म्हणाल्या, हिची भरली की मला सांगा, मी पण येते.